नातं तुमचं, पाय आमचे

"तिचं हितं कुनी न्हाई, सर."

कुसुम म्हणाली. हसून नाही, रागानंही नाही. गैरहजर पोराबद्दल सांगावं तसं, साधी माहिती म्हणून सांगितलं तिनं. आठवीचा वर्ग होता. मी उभी होते आणि माझं बोट खाली होतं.

झालं असं होतं की सरांनी त्या दिवशी फळ्यावर नवा इंग्रजी शब्द लिहिला होता. रिलेशन. तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळं प्रत्येक शब्दाची आम्हाला भारी अपूर्वाई. सर पुण्याहून आलेले, पॅन्ट घालणारे. शब्द लिहायचे, त्याखाली अर्थ लिहायचे. नाते. संबंध. नातलग. मग म्हणायचे, नुसता अर्थ पाठ करून शब्द येत नाही, उपयोग यायला पाहिजे. उपयोगासाठी त्यांनी खेळ काढला. एकेकानं उभं राहायचं, वर्गातल्या आपल्या नातलगाकडं बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ही इज माय रिलेशन.

वर्ग सगळा आसपासच्या गावांतला. शेतकऱ्यांची, पाटलांची पोरं. कुणी कुणाचा आतेभाऊ, कुणी मामाचा मेव्हणा, कुणी वयानं लहान आणि नात्यानं चुलता. बोटं इकडून तिकडं नुसती नाचत होती. एकानं तर चार जणांकडं बोट दाखवलं. दोघं जण चुकले. एकानं मावसभाऊ म्हणून दाखवला तो खरं तर त्याच्या आईचा चुलतभाऊ होता, म्हणजे मामा. मला ते माहीत होतं. मला सगळ्यांचं सगळं माहीत होतं. मी खुदकन हसले सुद्धा.

मग माझी पाळी आली.

मी दाराशी बसायचे. माझं पोतं घरून आणलेलं. तसं बस म्हणून शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी आबांनीच ते गुंडाळून काखेत दिलं होतं. वर्गात मुली दोनच, पाटलांची कुसुम आणि मी. ती पहिल्या बाकावर. मी उभी राहिले, सगळीकडं बघितलं, आणि कुसुमनं ते वाक्य सांगून टाकलं.

मला वाटलं, सर बस म्हणतील. ते म्हणाले, "ठीक आहे. मग हिच्यावरून आपण नकारार्थी उपयोग शिकू."

त्यांनी फळ्यावर लिहिलं. शी हॅज नो रिलेशन विथ अस. खाली मराठीत लिहिलं, तिचा आपल्याशी काही संबंध नाही. मग वर्गाकडून म्हणून घेतलं. तीनदा. आधीच्या वाक्याला बोट दाखवायची सवय झालेली, त्यामुळं याही वाक्याला सगळ्यांची बोटं वर आली. तीस-बत्तीस बोटं, माझ्याकडं. शेवटी सर मला म्हणाले, आता तू स्वतःबद्दल म्हण. मी म्हटलं. आय हॅव नो रिलेशन विथ देम.

"उच्चार चांगला आहे," सर म्हणाले.

सर वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, मला त्यांचा राग करून मोकळं होता आलं असतं. त्यांनी मला कधी मारलं नाही, कधी जात काढली नाही. त्यांना एक उदाहरण हवं होतं आणि ते दाराशी तयार उभं होतं, एवढंच. त्या दिवशी घरी जाताना दोन कोस वाटभर तो आवाज माझ्या मागं चालला. मी थांबले की थांबायचा. मी चालले की तीस-बत्तीस तोंडं पुन्हा सुरू व्हायची. आजही कुठं शाळा सुटायच्या वेळी पोरं एका सुरात काही म्हणताना ऐकली की माझा हात आपोआप भिंत शोधतो.

आता आबांचं सांगायला हवं, नाहीतर हे कळायचं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घराकडं गावकीचं जे काम होतं त्यातलं एक म्हणजे मयताचा सांगावा. पाटलांच्या, शेतकऱ्यांच्या घरी कुणी मेलं की त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना गावोगाव जाऊन सांगायचं. मुळशीपासून नेऱ्यापर्यंत आबांच्या पायाखालची वाट. कुठल्या घरची लेक कुठं दिली, कुणाची बहीण कुठल्या वाडीत नांदते, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. एक अक्षर लिहिता येत नव्हतं. आणि क्रम चुकवायचा नाही. बाई गेली तर आधी तिचं माहेर, कारण माहेरचा माणूस आल्याशिवाय तिला उचलायची नाही. पुरुष गेला तर आधी लेकी, मग बहिणी, मग बाकीचे सोयरे. संध्याकाळी मला जवळ बसवून आबा बोटांच्या पेरांवर हे मोजून दाखवायचे. म्हणून मला वर्गातल्या सगळ्यांची नाती ठाऊक होती.

आबांना बघितलं की लोक दचकायचे. हा माणूस दिसला म्हणजे कुणीतरी गेलं. नुसते लाकडं घेऊन गेले तरी एखादी म्हातारी ऊर बडवायला लागायची. म्हणून आबांनीच एक खूण काढली होती. काठी खांद्यावर असली तर खुशाली. काठी हातात धरून जमिनीवरून ओढत आले तर सांगावा. डोंगराच्या उतारावरूनच लोकांना दिसायचं. आबा अंगणाच्या कडेला पोचायच्या आत घरात रडारड सुरू झालेली असायची. मग ते खाली उभं राहून नाव सांगायचे, कधी गेलं ते सांगायचे. ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. ते पिऊन पुढच्या गावाला. सांगून होईपर्यंत वाटेत भाकरी खायची नाही, असा त्यांचा स्वतःचा नेम होता.

एक गोष्ट ते नेहमी म्हणायचे. "ज्येला सांगितलं त्यो नात्यातला. ज्येला न्हाई सांगितलं त्यो परका." सांगावा पोचला की त्या घराला सुतक लागायचं, माणसं उठून यायची, खांदा द्यायची. एखाद्या घराला मुद्दाम सांगितलं नाही तर ते नातं तुटलं असं धरायचे. म्हणजे या सगळ्या लोकांची नाती आबांच्या पायांवर चालत होती. वर्गात ज्यांनी माझ्याकडं बोट केलं, त्यांची सुद्धा.

आणि आमची नाती? आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, माझ्या जन्माच्या बरंच आधी. पाटील-शेतकऱ्यांनी मिळून नव्या जागा शोधल्या. आमची माणसं वाट फुटेल तिकडं गेली. आबांची सख्खी बहीण, माझी आत्या, पाण्याच्या पलीकडच्या अंगाला गेली. ती मेली ते आम्हाला आठ महिन्यांनी कळलं, बाजारात, एका मीठ विकणाऱ्याकडून. आबा त्या दिवशी घरी आले आणि खांद्यावरची काठी न टेकवताच बसून राहिले. शंभर घरांची मयतं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या बहिणीचं सांगायला कुणी आलं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या दगडी पायऱ्या उघड्या पडायच्या. आबा तिथं जाऊन बसायचे. मी एकदा पाठोपाठ गेले. ते पायरीकडं बघून पुटपुटत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. ते बहिणीला गावातली मयतं सांगत होते, एकेक करून, क्रमानं.

मला शाळेत घातलं तेही याच कामामुळं. एकदा पाटलांनी सांगाव्याबरोबर चिठ्ठी दिली होती. आबांनी ती नेली. तिच्यात काय होतं ते आबांना ठाऊक नव्हतं. तिच्यात लिहिलं होतं की आणणाऱ्याला अंगणात घेऊ नका, मागच्या वेळी त्याची सावली जेवणाच्या पाटावर पडली. वाचणाऱ्यानं ती मोठ्यानं वाचली. तेव्हा आबांनी ठरवलं की घरात एक तरी वाचणारं पाहिजे.

मी आठवीत असतानाच आमच्या वस्तीनं धर्म बदलला. तरुण पोरांनी बैठक घेऊन ठरवलं, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावकीची कामं बंद. आबांनी ढोरं सोडली. सांगावा सोडला नाही. पोरांनी समजावलं, भांडण केलं. आबांचं एकच म्हणणं होतं. मेलेल्या माणसाचा काय गुन्हा?

कुसुमचं पुढच्या वैशाखात लग्न झालं. नेऱ्याला दिली. शाळा सुटली तिची. वर्गात मी एकटी मुलगी उरले. पोतं तेच.

दीड वर्षानं, भाताची कापणी चालू असताना, एका सकाळी धाकटे पाटील आमच्या वस्तीवर आले. कुसुमचे चुलते. वस्तीत आले नाहीत. बांधावर उभे राहिले. थोरले पाटील, म्हणजे कुसुमचे वडील, पहाटे गेले होते.

आबा तेव्हा तापानं पडलेले. दोन्ही पाय सुजून भोपळ्याएवढे झालेले. तरी हाक ऐकून उठायला लागले, अंथरुणातून काठी चाचपायला लागले. पाटलांनी ते बांधावरूनच, उघड्या दारातून बघितलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी दप्तर भरत होते.

"तू ऱ्हाऊ दे राघू," ते म्हणाले. "पोरगी हाय की धडधाकट. रोज दोन कोस शाळंला जाती. आन नेऱ्याला सांगायचंय ते तिच्या मैतरनीलाच."

मैत्रीण. वर्षभर एका वर्गात बसून तिनं मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. तिच्या डब्यातलं लोणचं सांडलं तेव्हा मी उचलायला वाकले तर तिनं डबाच ओढून घेतला होता. आणि आता पाय हवे होते म्हणून मैत्रीण.

पण पाटलांचं सोडा. पाटील तेच बोलणार होते. खरा घाव दुसरीकडून आला. आबांनी काठी माझ्यापुढं धरली. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, पाटलांचं बलुतं तुटलं तर घरात दाणा कुठून येईल याची. आणि मला आणखी काहीतरी दिसलं. त्यांना वाटत होतं की आपलं ज्ञान वाया जाणार नाही. एवढी नाती, एवढ्या वाटा, एवढे क्रम, लेकीला येतात.

मी काठी घेतली.

हातात घेतल्यावर कळलं की ती किती गुळगुळीत आहे. आबांचा, आबांच्या बापाचा, त्याच्या बापाचा हात त्या लाकडात शिरलेला. मला स्वच्छ दिसलं. आज ही काठी ओढत मी नेऱ्याच्या वाटेला लागले की उद्या दुसरं कुणी मरेल आणि पाटील पुन्हा याच बांधावर येतील. मग शाळा कशाला, इंग्रजी कशाला. मी अंगणाच्या कडेला उभी राहीन, ओंजळीत पाणी घेईन, आणि मला बघून लेकरं घरात पळतील. मरेपर्यंत. मग माझी लेक. आणि मागून ते तीस-बत्तीस आवाज सुरू झाले. तिचा आपल्याशी काही संबंध नाही.

मी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"नातं तुमचं हाय, पाटील," मी म्हणाले. "तुमी जा."

"काय म्हनलीस?"

त्यांना नीट ऐकू आलं होतं. तरी मी पुन्हा म्हटलं, तेवढ्याच आवाजात. आई चुलीपाशी होती, तिच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. पाटील वळले आणि बांधावरून निघून गेले. त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर आबा एवढंच म्हणाले, "पोरी, मेलेल्या मान्साचा काय गुन्हा गं?"

मी उरलेलं दप्तर भरलं.

त्या दिवशी पाटलांच्या घरी काय झालं ते गावभर झालं. पाटलानं स्वतः सांगावा न्यायचा म्हणजे इज्जतीचा प्रश्न. आधी शेजारच्या गावच्या वस्तीवर माणूस पाठवला. तिथल्या पोरांनीही नकार दिला. त्यात दुपार झाली. मग एका गड्याला सायकलवर धाडलं. आबा पायवाटेनं डोंगर ओलांडून गेले असते तर दुपारच्या आत पोचले असते. गडी रस्त्यानं गेला. नेऱ्यात कुसुमच्या सासरच्या आडनावाची तीन घरं. यानं भलत्याच दारात जाऊन सांगितलं. तिथली सूनही आमच्याच बाजूची, तिलाही बाप होता. ती धाय मोकलून रडायला लागली, घरची माणसं गाडी जुंपून तिला घेऊन निघाली. अर्ध्या वाटेत कुणीतरी विचारलं, कुणाचं कोण गेलं, तेव्हा घोटाळा उघड झाला. असली चूक आबांच्या हातून उभ्या जन्मात झाली नसती. कुसुमला कळलं तेव्हा ऊन कलंडलं होतं. ती पोचली तेव्हा दिवस मावळत होता आणि सरण पेटून दोन घटका झाल्या होत्या.

तिला बापाचं तोंड दिसलं नाही. मी ते दाखवू शकले असते. मी गेले नाही. हे मी केलं आहे, आणि ते मी लपवत नाही.

आम्हाला त्याची शिक्षा मिळाली. कापणीला बोलावणं बंद झालं. दुकानात मीठ संपलेलं असायचं, आमच्यापुरतं. आई पौडापर्यंत पायी जाऊन मीठ आणायची. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बरे झाले तरी काठी हातात घेतली नाही. ती भिंतीला मी टेकवली होती तिथंच राहिली.

तेरावं झाल्यावर कुसुम मला शाळेच्या वाटेवर भेटली. उभीच होती, माझीच वाट बघत. डोळे सुजलेले. मला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"तू आली असतीस तर मला आबाचं तोंड दिसलं असतं," ती म्हणाली. तीही बापाला आबाच म्हणायची, ते मला तेव्हा कळलं. "एका वर्गात व्हतो गं आपुन."

मी तिला विचारलं, रिलेशन शब्द शिकवला त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस, आठवतं का. तिला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी ते वाक्य तिला सांगितलं, शब्दाला शब्द. ती हळूच म्हणाली, "पन ते खरंच व्हतं की."

व्हय, मी म्हणाले. खरंच होतं.

ती रडत गेली. मी शाळेत न जाता ओढ्यात उतरले आणि मीही रडले, तिच्यासाठी आणि तिच्या बापासाठी. मला तिचं वाईट वाटलं. आजही वाटतं. कधी कधी भर दुपारी, फळ्यावर लिहिता लिहिता, ती मला दारात उभी दिसते. डोळे सुजलेली, धापा टाकणारी, उशिरा आलेली. मी तिला आत ये म्हणत नाही. जा पण म्हणत नाही.

हो, मी पुढं शिक्षिका झाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जाडजूड कोशात मी तो शब्द पुन्हा काढला. नाते, संबंध, नातलग, सगळं होतं. त्याखाली आणखी एक अर्थ होता, तो सरांनी लिहिला नव्हता. सांगणे. घडलेलं कथन करणे. मी ते पान उघडं ठेवून आबांकडं बघितलं. ते ओसरीवर झोपले होते. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, ह्ये शिकायला एवढं मोटं बुक लागतं व्हय.

आबा गेले त्या वर्षी धरण भरून वाहत होतं. माणसं म्हणाली, आता यांच्या सोयऱ्यांना कोण सांगणार. मी भिंतीची काठी घेतली. बाई सांगावा घेऊन जाते का, असं कुणी म्हणालं. मी ऐकलं नाही. काठी जमिनीवरून ओढत सात वस्त्या फिरले. पाण्याला वळसा घालून आत्याच्या लेकींची घरं शोधली. कुठंही अंगणाच्या कडेला उभी राहिले नाही. आत गेले, त्यांच्या चटईवर बसले, तांब्यातून पाणी प्यायले आणि सांगितलं. लोक उठले, माझ्याबरोबर निघाले. परतताना आम्ही पंधरा-वीस जण होतो. आमची इतकी माणसं एका वाटेवर मी पहिल्यांदा बघितली.

वाट पाटलांच्या घरावरून जाते. धाकटे पाटील ओट्यावर बसले होते, म्हातारे झालेले. काठी ओढल्याचा आवाज ऐकून ते दचकून उभे राहिले. ती खूण त्यांच्या हाडात मुरलेली.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

मी थांबले. चाळीस वर्षं त्यांच्या घरची मयतं ज्यानं गावोगाव सांगितली तो माणूस गेला होता, आणि त्यांना ते माझ्याच तोंडून कळणार होतं. आबा असते तर म्हणाले असते, सांग त्याला. ते मला ऐकू सुद्धा आलं.

मी सांगितलं नाही. काठी ओढत पुढं गेले.

ती काठी माझ्या घरात आहे. तिच्यावर आता गावकीचा हक्क नाही. ती कधी उचलायची आणि कुणाच्या दारात न्यायची, ते मी ठरवते.